नवरदेवाचा कान

माझ्या बहिणीच्या लग्नाचं मी जे सांगणार आहे त्यातलं मला जवळजवळ काहीच आठवत नाही. मी लग्नात होतो. नवी सफारी घालून, फेटा बांधून मिरवत होतो, फोटोंत जिथे तिथे आहे. एका फोटोत तर नवरीच्या, म्हणजे उजूच्या, मागे उभा राहून असा हसतोय की पाहणाऱ्याला वाटावं, काय खूश आहे हा भाऊ! तो फोटो मी आजही उपडा ठेवतो. त्यातला माणूस दिसतो माझ्यासारखा, पण त्याने त्या दिवशी काय केलं ते मला दुसऱ्यांनी सांगितलं आहे. मायने रडत रडत, आबांनी तुटक शब्दांत, आणि उजूने एकदाच. माझं वय तसं म्हाताऱ्याचं नाही. पण मी ज्या खेळात होतो त्यात तिशी गाठायच्या आत माणूस म्हातारा होतो, तेव्हा हे माझं म्हातारपणचं लिखाण समजायला हरकत नाही.

आमचं घर साक्रीच्या अलीकडच्या एका गावात. आबा म्हणजे माझे वडील शेव पाडायचे आणि आठवडे बाजारांत विकायचे. आज या गावचा बाजार, उद्या त्या गावचा, असं आमचं वर्ष फिरत असायचं. पहाटे माय चूल पेटवायची आणि बेसनात ओवा, लसूण आणि लाल मिरचीची पूड घालून पीठ मळायची. मिरचीच्या बाबतीत तिचा हात सैलच होता. आबा कढईवर झारा धरून तळहाताने पीठ रगडत, आणि खाली तेलात शेव पडली की असा आवाज व्हायचा की दुसऱ्या खोलीतून हाक मारली तरी ऐकू येऊ नये. आम्ही बहीणभाऊ त्या आवाजात अभ्यास केला, त्यातच भांडलो आणि त्यातच मोठे झालो. घरभर मिरचीचा खाट असायचा. पाहुणे उंबऱ्यात पाऊल ठेवलं की खोकायला लागत, डोळे पुसत, आणि माय विचारायची, “काय व्हयनं? सर्दी व्हयनी का?” आम्हाला काहीच जाणवत नसे. आमची नाकं त्या खाटाला पार सरावली होती. हे नाकाचं मी मुद्दाम सांगतोय. पुढे जे झालं ते सगळं त्या नाकापाशी येऊन थांबतं.

शेवेची पोती आणि तेलाचे डबे टेम्पोत चढवायचं काम माझं. शाळेत होतो तेव्हापासून मी ते केलं आणि त्यानेच माझे खांदे असे झाले की मास्तर मला बाकाच्या कडेला बसवायचे, मधे बसलो तर दोन्हीकडचे खाली पडत. कबड्डीत आपसूकच गेलो. उजू माझ्यापेक्षा लहान, अंगाने काडी आणि तोंडाने तिखट. मेणबत्तीच्या ज्योतीवर शेवेच्या पुड्या चिकटवत बसलेली असायची आणि मी मॅच जिंकून आलो की मान वर न करता म्हणायची, “किती लोके चेपात आज?” आबा वेगळं विचारायचे. कधी जिंकलास की हरलास म्हणून त्यांनी विचारलं नाही. त्यांचा एकच प्रश्न असायचा, “पडेल माणूसले उठाडाले हात दिन्हा का?” मी म्हणायचो, “दिन्हा, आबा.” मग ते “ठीक शे” म्हणून झाऱ्याकडे वळत. ही त्यांची शिस्त माझ्या अंगात एवढी मुरली की समोरच्याला पाडलं की माझा हात आपोआप पुढे जायचा. पुढच्या खेळात बाकीचे त्यावरून माझी टर उडवत.

पुढचा खेळ म्हणजे अमेरिकन फुटबॉल. हे नाव आमच्या भागात तेव्हा कोणी ऐकलंही नव्हतं. मी धुळ्याला देवपुरात खोली घेऊन कॉलेजात शिकत होतो. देशात या खेळाचे पगारी संघ नुकतेच उभे राहत होते आणि ते कबड्डी-कुस्तीतली पोरं शोधत हिंडत होते. आमच्या मैदानावर एक सर आले, आमचा सामना पाहिला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “तू लाइनबॅकर आहेस, फक्त तुला ते माहीत नाही.” मला खरंच माहीत नव्हतं. त्यांनी मातीत काडीने काढून दाखवलं. पुढे एक फळी उभी असते, तिच्या पाठीमागे लाइनबॅकर. समोरच्या संघाला चेंडू पुढे न्यायला चार संधी मिळतात, एकेका संधीला डाउन म्हणायचं. लाइनबॅकरने पाहायचं की चेंडू कोण घेऊन निघालाय, आणि फळीतून घुसून त्याला आडवा करायचा. “विचार करायचा नाही,” सर म्हणाले. “विचार करेपर्यंत तो निघून जातो. ज्याच्या काखेत चेंडू, तो आपला.” हे वाक्य त्यांनी आमच्याकडून इतक्यांदा घोटून घेतलं की अजूनही बाजारात कोणी कलिंगड काखेत मारून चाललेला दिसला की माझी नजर आधी त्याच्या कमरेवर जाते.

पहिला चेंडू मी घरी दाखवायला आणला तेव्हा उजू पोट धरून हसली. “भाऊ, हाऊ त नारळ शे! सोलेल नारळ!” तिने तो देवापुढे ठेवून त्याला हळदकुंकू लावलं. पुढे मी मोबाइलवर मॅच दाखवली. माय पदर तोंडाला लावून पाहत होती. मी एकाला असा उडवला की त्याचा पाय हेल्मेटच्या वर दिसला, तशी ती किंचाळली, “अरे, हाऊ खेळ शे का भांडण? त्या पोऱ्यानी तुन्हं काय बिघाडेल व्हतं?” आबांनी शेवटपर्यंत पाहिलं. मी त्या पोराला हात देऊन उठवताना दिसलो तेव्हा ते उठून कामाला गेले. नोकरीसारखा पगार यायला लागला, टेम्पो बदलला, गावात माझं नाव झालं. उजूचं स्थळ आलं त्यातही माझ्या नावाचा थोडा वाटा होता. नितीनराव फैजपूरकडचे, घरची केळीची बाग. पाहायला आले तेव्हा त्यांनी मुलीपेक्षा मलाच जास्त प्रश्न विचारले, आणि उजू आतून म्हणाली, “मंग भाऊसंगेच लगन लाई द्या त्यास्नं.”

लग्नाच्या आदल्या आठवड्यात आमची उपांत्य फेरी होती. तिच्यातला पूर्वार्ध मला लख्ख आठवतो, आणि मग पडदा पडल्यासारखं सगळं बंद होतं. माझ्या शेजारी खेळणारा एक हैदराबादचा पोरगा होता, त्याने पुढे फोनवर सांगितलं. म्हणे, मी एकाला पाडायला खाली झेपावलो आणि दुसऱ्याचा गुडघा माझ्या हेल्मेटवर बसला. मी उठलो, आणि चालत चालत समोरच्याच संघाच्या घोळक्यात जाऊन उभा राहिलो. सगळे हसले. माझ्या लोकांनी मला दंडाला धरून परत आणलं. कोणीतरी मला शहराचं नाव विचारलं, ते मी बरोबर सांगितलं, म्हणून मी खेळत राहिलो. तो पोरगा फोनवर रडायला लागला. “भरत भाई, हम भी हँसे थे,” एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

घरी कसा पोचलो देव जाणे. पोचलो तेव्हा मांडव पडला होता. माय सांगते, मी आल्या आल्या विचारलं, “हळद कधी शे?” तिने सांगितलं. तिने ताट वाढेपर्यंत पुन्हा विचारलं, “हळद कधी शे?” तिला वाटलं, पोरगा बहिणीच्या लग्नाने भांबावलाय. वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी, ज्यासाठी मी आजवर लोकांची लग्नं पालथी घातली, ती मी दोन घास खाऊन बाजूला सारली. म्हणालो, याला चवच नाही. आचारी दुखावला. दिवसभर मी उजेडाला तोंड चुकवत कोनाड्याशी बसून होतो. एकदा उलटी झाली. भाऊबंद एकमेकांना कोपराने ढोसायला लागले, शहरात राहून पोरगा प्यायला शिकला म्हणून.

मायचं मात्र वेगळंच चाललं होतं. तिला नजरेची शंका आली. एवढं नाव झालेलं, एवढे खांदे, लग्नघर भरलेलं, कोणाची तरी लागणारच. तिने मीठ-मिरच्या मुठीत घेऊन माझ्यावरून उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. आता आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे की मिरच्या जळून ठसका लागला तर नजर नाही, आणि ठसका लागला नाही तर नजर पक्की. दुसऱ्या घरात हे कोणीही ठरवतं, सगळेच खोकतात किंवा कोणीच खोकत नाही. आमच्या घरात ती सोय नव्हती. मायला, आबांना मिरचीने ठसका लागणं केव्हाच बंद झालेलं. म्हणून आमच्या घरची रीत अशी पडली होती की ज्याच्यावरून उतरवलं त्यालाच विचारायचं. मी वर्षभर बाहेर राहत असल्याने माझं नाक ताजं, असा तिचा हिशेब.

“वास ऊना का रे?” तिने विचारलं.

“नही.”

“ठसका? जराबी?”

“काहीच नही, माय.”

माय म्हणते, चुलीतून तेव्हा काळा धूर उठत होता, मांडवातले पाहुणे खोकत खोकत बाहेर पळत होते आणि मी त्या धुरात शांत बसलो होतो. तिला धक्काच बसला. एवढी भारी नजर तिने आयुष्यात पाहिली नव्हती. कोणीतरी म्हणालं, एकदा डॉक्टरला दाखवा. ती म्हणाली, “डाक्टर नजरले काय करी?” तिने आणखी मिरच्या आणल्या, पुन्हा उतरवल्या, पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा नाही म्हणालो.

लग्न साक्रीच्या एका कार्यालयात होतं. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, होम पेटला. सप्तपदीच्या आधी नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून बजावायचं, आणि नवरदेवाकडून मानाचा कपडा घ्यायचा, ही सगळीकडचीच रीत. आमच्याकडे त्यात थोडी मस्करी असते. नवरदेवाचे मित्र आडवे होतात, खांद्याला खांदा लावून, आणि भावाने त्यांच्यातून वाट काढून कानापर्यंत पोचायचं. नितीनरावांचे मित्र केळीचे घड उचलणारे, चांगले दणकट. ते रांगेत वाकून उभे राहिले, हसत होते, “या, या खेळाडू!” म्हणून हाका मारत होते. त्यांच्यामागे नितीनराव. हातात मानाचा नारळ होता, कान वाचवायला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून त्यांनी तो काखेत मारला.

यापुढचं मी आबांच्या शब्दांत सांगतो, कारण ते सगळ्यात जवळ होते. माझा चेहरा, ते म्हणाले, पुसल्यासारखा झाला. मी गुडघ्यांत वाकलो. मग मी त्या रांगेतून असा गेलो की मधली दोन पोरं दोन बाजूंना पडली, आणि खांदा खाली घालून मी नितीनरावांच्या कमरेत घुसलो. ते मागच्या खुर्चीसकट पाठीवर गेले. हाड मोडल्याचा आवाज सनईवाल्यानेही ऐकला. नारळ फुटून पाणी होमाजवळ सांडलं. सनई थांबली. बायका ओरडल्या की गप्प झाल्या हे आबांना आठवत नाही. मी उठलो, एक हात वर केला आणि चारी बाजूंना पाहत मोठ्याने विचारलं, “कौनसा डाउन है?”

हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी आबांना म्हणालो, तुम्ही थट्टा करताय. त्यांनी आयुष्यात कधी थट्टा केली नाही हे मला माहीत होतं, तरी म्हणालो.

नितीनरावांचे काका पुढे आले आणि माझी गचांडी धरली. “पिऊन आलाय हा! बहिणीच्या लग्नात पिऊन! सप्तपदी झालेली नाही अजून. चला, उचला पोराला. हे लग्न झालंच नाही.” वऱ्हाडातली माणसं खरोखर सामान आवरायला लागली. माय त्यांच्या पाया पडत होती. उजू होमापाशी मुंडावळ्या बांधून उभी होती, एकदा जमिनीवरच्या नवऱ्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत. तिने मला एकदाच सांगितलं ते असं की, त्या क्षणी तिला माझी किळस आली होती.

आबा गर्दीतून आले. त्यांनी काकांचा हात माझ्या गळ्यावरून सोडवला, माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि वास घेतला. तेल जरा जळलं तर कढईपासून लांब बसून ओळखणारं त्यांचं नाक. “दारू नही शे,” ते म्हणाले. कोणी ऐकेना. तेव्हा आबा, ज्यांचा आवाज गावाने बाजाराबाहेर कधी ऐकला नव्हता, ते ओरडले, “यानी माणूस पाडा आनि हात दिन्हा नही! हाऊ शुद्धीवर नही शे! मन्हा पोऱ्या हात देस!” आणि त्या आरडाओरड्यात खाली पडलेले नितीनराव, वेदनेने पांढरे पडलेले, म्हणाले, “काका, भांडण नंतर करा. आधी त्यांना दवाखान्यात न्या. डोळे बघा त्यांचे.”

माझ्या एका डोळ्याची बाहुली मोठी झाली होती. फुलांनी सजवलेल्या नवरदेवाच्या गाडीतून आम्हा दोघांना धुळ्याला नेलं. नितीनराव पुढे, हात छातीशी बांधून. मी मागे, उजूच्या मांडीवर डोकं ठेवून. तिच्या शालूवर मी वाटेत पुन्हा उलटी केली. डोक्यात रक्त साचलं होतं. आणखी थोडा उशीर झाला असता तर हाती लागला नसता, असं डॉक्टर म्हणाले. मला ऑपरेशनसाठी आत नेल्यावर गुरुजींना देवपुरातल्या एका देवळात बोलावून घेतलं आणि उजू-नितीनरावांची सप्तपदी झाली. नवरदेवाचा हात गळ्यात बांधलेला, नवरीच्या शालूवर डाग, वऱ्हाड मोजकंच. काकाही आले होते. अक्षता टाकताना ते रडत होते असं माय सांगते.

मी शुद्धीवर आलो तेव्हा डोक्यावर पट्टी होती आणि उन्हं खिडकीतून आत आली होती. मला वाटलं, मॅच संपलीय. मी मायला विचारलं, “हळद कधी शे?” ती तोंडात पदर कोंबून बाहेर गेली. मग हळूहळू त्यांनी मला सांगितलं, आणि मी सांगितलंच आहे की मी विश्वास ठेवला नाही. दुपारी डॉक्टर आले. त्यांनी मला डोळे मिटायला सांगून नाकाखाली काहीतरी धरलं. कशाचा वास आहे? मी म्हणालो, कशाचाच नाही. दुसरं धरलं. नाही. डोळे उघडले तर एका हातात कापूर, दुसऱ्यात चेचलेला लसूण. “डोक्याला मार बसल्यावर वास जातो कधीकधी,” डॉक्टर म्हणाले. “लग्नाच्या आधीपासूनच गेला असेल. घरी कोणाच्या लक्षात आलं नाही का?”

माय दाराशी उभी होती. तिचा चेहरा मी पाहिला आणि मला वाटलं, आता हिला काहीतरी होतंय. ती भिंत धरून खाली बसली. “मी इचारं व्हतं,” ती म्हणाली. “मी दोनदा इचारं व्हतं. तो नही बोलना. मन्हा हातमा व्हतं आनि मी मिरच्याच टाकी ऱ्हायनू.” आबांनी तिला उठवलं, तरी ती तेच म्हणत राहिली. त्या दिवसानंतर आमच्या घरी कोणाची नजर उतरवली गेली नाही. नातवंडं झाली, आजारी पडली, तरी नाही. मी कितीदा म्हटलं, माय, तुझी काय चूक? माझा वासही परत आला नाही आणि मी मैदानावरही परत गेलो नाही. आज देवपुरात आमचं शेवेचं दुकान आहे. तेल जळलं की नाही ते आबाच सांगतात, अजूनही, खुर्चीवर बसून.

संध्याकाळच्या आत नितीनराव आले. दारात एक उंच माणूस दिसला, हात गळ्यात बांधलेला, कपाळावर हळदीचा पिवळेपणा. मी उजूला विचारलं, “हे कोण?” विचारलं आणि तिच्या चेहऱ्यावरून कळलं की कोण. तिने पाहिलेला, मी पाहिलेला, माझ्याशी तासन्तास खेळाबद्दल बोललेला हा माणूस मला ओळखू आला नाही, आणि त्याचं हाड मी मोडलं होतं. मला हुंदका आवरेना. त्यांनी चांगल्या हाताने खुर्ची ओढली, माझ्या पलंगाला लावली आणि खाली वाकून डोकं माझ्या हाताजवळ आणलं.

“माझी आई म्हणते, लग्न अर्धं राहिलंय,” ते म्हणाले. “भावाने कान पिळलेला नाही. तेवढं उरकून टाका.”

मी हात उचलला. मला त्या हाताची भीती वाटत होती. उजूने माझं मनगट धरलं आणि कानापर्यंत नेलं. मी दोन बोटांत कान धरला आणि अगदी जरासा पिळला. म्हणालो, “माझ्या बहिणीला सांभाळा.” कान गरम होता, पाळीमागे हळद सुकून राहिली होती, ती माझ्या बोटांना लागली. मी बोटं नाकाशी नेली, वास आला नाही. माझ्या बहिणीच्या लग्नातलं मला आठवतं ते एवढंच.